अर्धा तास नळाला हात नाही

फौजेतून निघालो आणि चाकणला आलो, तेव्हा सोबत एक काळी ट्रंक होती. गाव नांदेड जिल्ह्यात. तिथं आई, बायको आणि दोन मुली. मी इथं एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. ट्रेड्समन म्हणून भरती झालो, इन्फंट्री बटालियनच्या लंगरात कुक झालो, नाईक मारोती म्हणून बाहेर पडलो. रायफलपेक्षा पातेली जास्त उचलली. त्यामुळे यात लढाई नाही. एका पावसाची गोष्ट आहे, आणि एका माणसाची.

चाकणमध्ये एकट्या पुरुषाला खोली देत नाहीत. चार ठिकाणी नकार ऐकल्यावर एका वाडीत शेवंताकाकी भेटल्या. घर मूळच्या शेतकऱ्याचं. पुढं त्यांचं स्वतःचं स्लॅबचं घर, मागं पत्र्याच्या सहा खोल्या भाड्यानं दिलेल्या. काकींनी माझी ट्रंक बघितली आणि विचारलं, "फौजी हायेस व्हय?" मी म्हटलं, "कुक होतो." त्या म्हणाल्या, "मंग उपाशी तरी मरायचा न्हाईस." किल्ली दिली. पहिल्याच वर्षी मला डेंगी झाला. तेव्हा रोज पेज करून आणली ती त्यांनीच. मी जन्मभर दुसऱ्यांना वाढलं होतं, मला वाढणारं त्या परक्या गावात कुणी असेल असं वाटलं नव्हतं. हे आधी सांगतो, कारण त्याच बाईंचा मी पुढं हात धरला.

माझा दिवस ठरलेला. सकाळी गेटवर हजर. कंटेनरचे नंबर, गेटपास, कामगारांच्या बॅगा. दुपारी रिलीव्हर आला की चार्ज द्यायचा, खोलीवर यायचं, भाजी टाकायची. मे महिना लागला की यात एक काम वाढतं. मी आकाश बघतो. कणसं फुटावीत तसे ढग वर यायला लागले की माझं जेवणात लक्ष राहत नाही. शेजारचा दत्ता परभणीचा, एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशिनवर आहे. तो मला 'वेधशाळा' म्हणतो.

त्या दिवशी चारच्या सुमारास राजगुरुनगरच्या बाजूनं काळं भरून आलं. वारा पडला. अंगणात सगळ्यांची धांदल होती, कारण आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, ते याच वेळेला, आणि तासाभरात जातं. हंडे, ड्रम, पाइप, सगळं बाहेर. काकींच्या घरात दुसऱ्या दिवशी नातवाचं जावळ होतं. चाळीस माणूस जेवायला. वरची टाकी भरायला त्यांनी नळाला मोटार लावली होती. तशी वाडीतले सगळेच लावतात.

लांब वीज चमकली. मी मनात मोजायला लागलो. तिसाच्या आत गडगडलं, म्हणजे वीज टप्प्यात आली होती.

"सगळे आत चला," मी ओरडलो. "हंडे राहू द्या."

दत्ता गाड्या लावायच्या पत्र्याखाली उभा होता. "फौजी, शत्रू कुठवर आला?"

"तिथून निघ. तो पत्रा चारी बाजूंनी उघडा आहे, तो काही घर नाही. काकींच्या स्लॅबखाली चल."

"आमच्या खोलीला काय झालंय?"

"पत्र्यापेक्षा स्लॅब बरा. रेखाताईंना घे. टीव्हीचा प्लग आत्ताच काढायला सांग, नंतर हात लावायचा नाही. मोबाइल चार्जिंगचा काढ."

"येस सर!" म्हणून त्यानं सॅल्यूट ठोकला. त्याची बायको रेखा मात्र घाबरट, माझ्यासारखीच. तिनं प्लग काढला, त्याचा दंड धरला आणि ओढत आत आणलं. बाकीच्या खोल्यांतलेही आले. काकींच्या मधल्या खोलीत दाटी झाली. मी सगळ्यांना खिडकीपासून लांब, भिंतीला न टेकता बसवलं.

मग मला मोटारीचा आवाज ऐकू आला. ती चालूच होती.

मोरी घराच्या आतच होती, मधल्या खोलीला लागून. काकी तिथं वाकून पाइप बघत होत्या. खाली ओलं, पायात चप्पल नाही.

"काकी, मोटार बंद करा. इकडं या."

"आरं आत्ताच तर पानी आलंय. उद्या चाळीस मानूस हाय."

"वीज जवळ येतेय."

"येऊ दे की. मी काय शेतात हाय का? घरात हाय, डोक्यावर स्लॅब हाय."

इथंच सगळे फसतात. आत आलो, सुटलो. पण घराला नळ जोडलेला असतो, तारा जोडलेल्या असतात. वीज बाहेर पडली तरी त्या वाटेनं आत येते. एवढं मी तेव्हा नीट बोलू शकलो नाही. आवाज अजून लांब होता, तेवढ्यात मी बोर्डाचं बटन बंद केलं आणि मोटारीची पिन उपसली.

काकी उभ्या राहिल्या. "माझ्या घरात मला विचारल्याबिगर?"

"अर्धा तास, काकी. हात जोडतो."

"अर्ध्या तासात पानी जाईल! मोटार नको तर नको. हातानं भरते."

त्यांनी नळाचा पाइप उपसून फेकला. पाणी हंड्यात पडायला लागलं. हंडा भरला. त्यांनी तो सरकवला, दुसरा लावला आणि तोटी आणखी मोकळी करायला हात पुढं केला. मी मोरीत एक पाय टाकला, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना मधल्या खोलीत ओढलं.

उजेड आणि आवाज एकदमच झाला. लाइट गेली. रेखा किंचाळली. कानात नुसती शिट्टी. कुठं पडली ते कुणालाच कळलं नाही, आजही माहीत नाही. माझ्या मुठीत काकींच्या बांगड्या रुतल्या होत्या.

"हात सोड," काकी म्हणाल्या.

"सोडतो. नळाला लावणार नाही म्हणा."

"सोड म्हन्ते ना."

सोडला. त्या खाली बसल्या, मनगट चोळत. भाडेकरूनं घरमालकिणीचा हात धरला होता, तोही भरल्या घरात.

नळ उघडाच राहिला होता. अंधारात त्याचा आवाज स्पष्ट येत होता. दुसरा हंडाही भरला, वाहायला लागला, पाणी मोरीतून सरळ गटारात चाललं.

"निदान तोटी तरी बंद करू का?" दत्तानं विचारलं.

"नाही. शेवटचं गडगडल्यावर अर्धा तास. तोपर्यंत कुणी नाही."

आम्ही ते वाया जाणारं पाणी ऐकत बसलो. पंधराएक मिनिटं शांत गेली. दत्ता उठायला लागला आणि पुन्हा गडगडलं.

"झालं," तो खाली बसला. "मीटर परत शून्यावर."

कुणीतरी हसलं. काकी हसल्या नाहीत. नळाची धार बारीक झाली. मग थेंब. मग नळानं हवा ओढली आणि गप्प झाला.

"गेलं पानी," काकी म्हणाल्या. "उद्या पाव्हन्यांना काय तोंड दावू?" जरा थांबून म्हणाल्या, "फौजी, तू दुसरी खोली बघ."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या खोलीशिवाय या गावात माझं काही नव्हतं. पण खरं सांगतो, त्या वेळी माझं लक्ष खोलीकडे नव्हतं. काकी बसल्या होत्या, बोलत होत्या, रागावत होत्या, एवढंच मी बघत होतो.

दत्ता म्हणाला, "पण भाऊ, घरात बसलेल्या माणसाला वीज मारते, हे कुठं बघितलं तुम्ही?"

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्या दिवशी सांगितलं.

आमची कंपनी डोंगरात तैनात होती. वर धारेवर एक छोटी पोस्ट. तिथं चूल पेटवायची नाही, धूर दिसतो. म्हणून जेवण खालच्या पोस्टवरून जायचं. ते मी शिजवायचो आणि दोन जवान घेऊन वर पोचवायचो. वरच्या पोस्टवर टेलिफोनला हवालदार मोहिते असायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. दोन पोस्टमध्ये डोंगरावरून टाकलेली टेलिफोनची तार होती. स्टँडिंग ऑर्डर स्पष्ट होती. वीज कडाडायला लागली की तार सेटपासून काढायची, टोक बाहेर टाकायचं, सेटपासून दूर बसायचं.

त्या दुपारी आम्ही डबे भरले, बुटांच्या नाड्या बांधल्या. खाली ऊन होतं. ढग धारेच्या पलीकडून येत होते, ते फक्त वरून दिसत होते. खालच्या ऑपरेटरचा फोन वाजला.

"फूड पार्टी निकली क्या?"

"निकल रही है, उस्ताद."

"रोको. ऊपर मत भेजना. बिजली सर पर है."

"रोजर. आप तार निकालो, उस्ताद."

ऑपरेटरनं फोन ठेवला, आपल्या बाजूची तार काढली, टोक बाहेर फेकलं आणि आम्हाला बंकरमध्ये ढकललं. आम्ही आत पोचतो न पोचतो तोच धार पांढरी झाली. आम्ही जिथून चढणार होतो ती उघडी वाट समोर दिसत होती. त्या वाटेवर गारा नाचत होत्या.

वादळ सरलं, वेळ पाळली, मग ऑपरेटरनं तार जोडली आणि हँडल फिरवलं. वर घंटी वाजत असणार. कुणी उचललं नाही. त्यानं पुन्हा फिरवलं. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं वायरलेसवर दुसराच आवाज आला. मोहिते उस्ताद बंकरच्या आत होते. कोरडे होते. डोक्यावर छत होतं. तार त्यांच्या हातात होती, काढायला घेतलेली.

एवढं सांगून मी थांबलो. बाहेर पाऊसही थांबला होता. अर्धा तास झाला तेव्हा मी उठलो, आधी स्वतः मोरीत गेलो आणि तोटी बंद केली.

मागून काकींनी विचारलं, "बायकू हाय का त्याची?"

"आहे. मुलगाही आहे. आता कॉलेजला जातो."

"आन् तू वर निघाला हुतास."

"हो."

काकी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दत्ता, सकाळी टँकरवाल्याला फोन लाव. आन् रेखा, ह्याला चा टाक."

जावळ झालं. टँकर आला, आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी भरलं, आणि चाळीस माणसांचा भात मी शिजवला. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. आता ढग आले की काकी स्वतःच मोटारीची पिन काढतात आणि अंगणात उभं राहून सगळ्यांवर ओरडतात. पाणी जातं. जाऊ दे म्हणतात.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. ती मलाही ऑपरेटरनं नंतर सांगितली. पार्टी थांबवली तेव्हा मी कुरकुरलो होतो की रोट्या गार होतील. ते टेलिफोनवर वर ऐकू गेलं होतं. तार काढायच्या आधी मोहिते उस्ताद हिंदी सोडून मराठीत बोलले. म्हणाले, "मारोतीला सांग, आज आम्ही गार खाऊ."

संध्याकाळी वाट मोकळी झाल्यावर आम्ही जेवण वर नेलं. डाळ, रोटी आणि बटाट्याची भाजी. पोस्टवरच्या सगळ्यांना वाढलं. कुणी नको म्हणालं नाही, गार झालंय असंही कुणी म्हणालं नाही. एका माणसाचं उरलं. ते मी खाली आणलं नाही, उस्तादांच्या सेटपाशी ठेवून आलो.