पायपेटीचा सूर आणि उदबत्तीचा धूर

"देवळात उदबत्तीचा वास! आपल्या देवळात!"

रविवारची उपासना नुकतीच संपली होती. बाकांमधून बाहेर पडताना पाळकसाहेबांची बायको, पाळकीणबाई, माझ्या आईच्या कानाशी लागल्या होत्या. "इंग्लिश शाळेत शिकून पोरगी मूर्तीपुढं बसायला लागली का काय?"

मी पायपेटीचं झाकण लावत होते. मला सगळं ऐकू आलं.

वास माझ्यामुळेच होता. नगरमधल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणत, पण मूर्तिपूजेची म्हणून उदबत्ती कुणी घरातसुद्धा आणत नसे. मी पुडा आणला तो पदराखाली लपवून. युद्धाच्या दिवसांत डोक्यावरून विमानं जात, तेव्हापासून मला एकच वेड होतं: हवा पंखाला कशी उचलून धरते. रविवारी पायपेटी मीच वाजवायची, म्हणून शनिवारी गाणी बसवायला देवळाची किल्ली माझ्याकडे असे. पाळकसाहेबांचा टेबलफॅन, वारा सरळ यावा म्हणून त्याच्यापुढे कागदी नळ्या भरलेलं खोकं आणि त्याच्यापुढे पांगाऱ्याच्या लाकडाचा मी कोरलेला वीतभर पंख. उदबत्तीचा धूर त्या पंखाला चिकटून वाहायचा. पंख फार तिरका केला की धूर सुटून विस्कटायचा. असं झालं की खरं विमान खाली येतं. पण पायपेटीचा एक ठरावीक सूर धरून ठेवला की तोच धूर परत पंखावर येऊन बसायचा. सूर सोडला की पुन्हा विस्कटायचा.

पुण्याला विज्ञान शिकायचं तर मिशनची शिष्यवृत्ती हवी, आणि तिला देवळाच्या पंचांची शिफारस. ती आता अडली. पंचांनी मला बोलावलं.

"उदबत्ती कुणापुढं लावलीस, पोरी?"

मला सगळं इंग्रजीत ठाऊक होतं. मराठीत शब्द सापडेनात. "दाखवते," एवढंच म्हणाले.

सगळे देवळात आले. मी पंखा लावला, पंख तिरका करून उदबत्ती पेटवली; धूर विस्कटला. मग सूर धरला, धूर खाली पंखावर बसला.

"अरे, धूर वाकून सलाम करतोय की!" एक पंच म्हणाले. हशा पिकला. पाळकसाहेब मात्र जवळ येऊन वाकले. मी सूर सोडला, पुन्हा धरला.

"खरंच बसतोय गं," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, सुटले.

पंच पाळकसाहेबांना घेऊन बाहेर गेले, बोलले आणि परत आले. निकाल पाळकसाहेबांनीच सांगितला, जमिनीकडे बघत. "रविवारी मंडळीसमोर क्षमा माग. मगच शिफारस."

वडील मिशनच्या शाळेत मास्तर. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "दोन शब्द तर आहेत, बेटा. म्हणून टाक आणि पुण्याला जा."

रविवारी मला पुढे उभं केलं. इतकी वर्षं त्या लोकांनी माझी पेटी ऐकली होती, आवाज कधीच नाही. आई पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. पाळकसाहेब गाण्यांचं पुस्तक उगाच चाळत होते. त्यांनी वर पाहावं म्हणून मी थांबले. त्यांनी पाहिलं नाही.

"धूर खाली बसला होता," मी म्हणाले. "पाळकसाहेब, तुम्ही पाहिलंत."