व्हार्निशवर उठलेली हळद

खाडीला भरती लागली की आधी पाण्याचा आवाज बदलतो आणि मग रंग, हे उलव्याच्या कमळाकर घरतानं लहानपणीच ओळखलं होतं. बापाबरोबर मिठागराच्या बांधावरून चालताना तो मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "पानी फिरला." बाप बघायचा तर पाणी तसंच असायचं; पण विडी संपेस्तोवर खरंच फिरायचं. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं की कमल्याला कान हाय. पुढे मिठागरं गेली, भातखाचरं गेली, खाडीपलीकडे नवं शहर उभं राहिलं आणि कमळाकर सीबीडी बेलापूरच्या एका कचेरीत शिपाई झाला. पण कान त्याच्याजवळच राहिला. कुणाच्या ढोलकीची शाई उतरली, कुणाच्या पेटीचा भाता फाटला, हे तो मांडवाबाहेर चपला काढता काढता सांगायचा. माणसाजवळ एकच दागिना असला की तो सारखा चाचपून बघतो. कमळाकरचा दागिना म्हणजे त्याचा कान.

मेंडोलीन तो कुणापाशी शिकला नव्हता. जत्रेत ऑर्केस्ट्रातल्या एका वादकाची बोटं बघून आला आणि घरी तीच बोटं हवेत चालवू लागला. मग जुन्या बाजारातून एक मेंडोलीन आणलं. आसपासच्या गावांतल्या हळदी त्यावरच वाजवल्या. पण गेल्या दिवाळीत त्या मेंडोलिनचं पोट उकललं, आणि एकोणीसशे पंचाण्णवच्या लग्नसराईआधी नवं घेणं भाग पडलं.

बेलापूर गावात एका गाळ्यात अभिराम नावाचा माणूस वाद्यं बनवायचा. मिरजेकडे तंबोरे करणाऱ्यांच्या हाताखाली शिकून आलेला, बोलायला गोड, पण भावात सुईएवढंही न हलणारा. त्यानं दोन मेंडोलिनं पुढे ठेवली. लाकूड एकाच ओंडक्याचं, माप एक, तारा एक. फरक फक्त वरच्या थराचा. एकावर लॅकर फवारलेलं होतं. त्यात बघून भांग पाडता आला असता. दुसऱ्यावर हातानं व्हार्निश चढवलेलं होतं. ते मंद होतं, जुन्या गुळासारखं. त्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

"वरच्या रंगाचे एवढे पैसे?" कमळाकर म्हणाला.

"रंगाचे नाहीत हो. लॅकर म्हणजे लाकडाला रेनकोट घातल्यासारखं. व्हार्निश म्हणजे अंगची कातडी. लाकूड मोकळं राहतं, आवाज खुलतो. एकेक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, परत द्यायचा. महिने जातात."

"आवाजात कळतं ते?"

"तुमच्यासारख्या कानाला कळेल."

इथंच कमळाकर अडकला. कळत नाही म्हणावं तर कान गेला. कळतं म्हणावं तर पैसे गेले. आणि ते पैसे गोजरानं, त्याच्या बायकोनं, पडवीला लाद्या बसवायला साठवलेले. अभिरामच त्याच्या मदतीला आला. "दोन्ही घेऊन जा. आठवडाभर वाजवा. पटेल ते ठेवा, दुसरं आणून द्या. फक्त व्हार्निशवाल्याला जपा. ते अजून कोवळं आहे. तेलाचा, हळदीचा हात लागला तर डाग आत जाईल, निघणार नाही."

घरी गोजरानं जुन्या लुगड्याच्या दोन सारख्या खोळी शिवल्या. कामावर जाता जाता कमळाकरनं सांगितलं, "महागड्याच्या खोळीला लाल दोरा बांध. घोटाला नको." तिनं बांधला.

संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसला. गोजरा मागे बसून आळीपाळीनं दोन्हींच्या तारा छेडू लागली.

"आता कनचा?" तिनं विचारलं.

"महागडा."

"चूक."

"परत वाजव. ह्यो स्वस्तातला."

"चूक."

कमळाकरच्या कपाळावर घाम आला. "हळू नको वाजवू, जोरान वाजव. ह्यो महागडा."

गोजरा थोडी थांबली. "बरोबर," ती म्हणाली.

असं बराच वेळ चाललं. कधी बरोबर, कधी चूक. शेवटी तो उठला आणि खाडीकडे निघून गेला. भरतीची वेळ होती. बांधावर उभा राहून त्यानं कान दिला, पण पाणी फिरलं की नाही तेही त्याला कळेना. लहानपणापासून लोक म्हणत आले ते खरं होतं, की बापानं कौतुकानं उठवलेली ती नुसती आवई होती? एका व्हार्निशच्या थरानं माणसाचं सगळं आयुष्य असं संशयात पाडावं?

आठवडा संपायच्या आत शेजारच्या सुधीर घरताच्या मुलीची, नंदिनीची हळद आली. त्या संध्याकाळनंतर कमळाकरनं खोळी सोडल्याच नव्हत्या; दोन्ही मेंडोलिनं त्यानं तशीच बरोबर घेतली. हळद लागेपर्यंत स्वस्त वाजवायचं, आणि नंतर हात धुऊन महागडं काढायचं, असा त्याचा बेत. एवढ्या माणसांत खरं काय ते कळेल, असं त्याला वाटत होतं.

खाडीकाठच्या आगरी लग्नात भटाच्या आधी धवलारीन लागते. धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन ती लग्नातलं एकेक काम लावते. तिनं गायल्याशिवाय जातं फिरत नाही आणि नवरीला हळद लागत नाही. उलव्याची धवलारीन राजाबाई. वयानं वाकलेली, पण आवाज अजून ताठ. तिचा एक नेम होता. नवरीला लावायच्या आधी ती ओली हळद मांडवातल्या कामाच्या प्रत्येक वस्तूला लावायची. जात्याला, उखळाला, मांडवाच्या खांबाला, आणि वाजंत्र्यांच्या वाद्यांनाही.

दिवेलागणीला नेमकी लाईट गेली. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आल्या, त्यांच्याभोवती किडे आले, आणि तेलहळदीचं ताट घेऊन राजाबाई आली. ढोलकीला टिळा लागला, झांजेला लागला. कमळाकरसमोर दोन्ही खोळी होत्या. लाल दोऱ्याची खोळ त्यानं मांडीआड सरकवली.

राजाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय रं कमल्या, त्या कोनाला लपवतस?"

"काय नाय आये. त्या नवीन हाय."

"नवरी पन नवीनच हाय. तिला नको लावू का हलद?"

मांडव हसला. ढोलकीवाला म्हणाला, "आये, त्या बाय दाखवाया आनलीय, नांदवाया नाय!" परत हसू उसळलं. कमळाकरनं घाईघाईनं बिनदोऱ्याची खोळ सोडली आणि आतलं मेंडोलीन पुढे केलं. राजाबाईनं त्या लाकडाच्या छातीवर हळदीचा अंगठा दाबला, चांगला दाबून वर ओढला आणि म्हणाली, "आता वाजव."

बत्तीच्या पांढऱ्या झळाळीत रंग नीट दिसत नव्हता; फक्त ते हाताला थोडं चिकट लागलं. पण हळदीच्या घरात काय चिकट नसतं? कमळाकर वाजवू लागला. आणि काय झालं कोण जाणे, इतक्या दिवसांची बोटांतली भीती उतरली. स्वस्तातलं तर आहे, खरचटलं तर खरचटलं. राजाबाईचा धवळा वर चढला, तारा त्याच्या मागून चढल्या. ती खाली आली, त्या खाली आल्या. नंदिनीची आई ताट धरून रडू लागली. ढोलकीवाला ठेका धरता धरता कमळाकरकडे बघत राहिला. दुसरी खोळ सोडायची कुणाला आठवणही झाली नाही, खुद्द कमळाकरलाही नाही. घरी येताना त्याच्या मनाला मोठी शांतता वाटली. ठरलं होतं. स्वस्त तेच चांगलं. महागडं परत, आणि गोजराला लाद्या.

सकाळी पडवीत ऊन आलं. पुसून ठेवावं म्हणून त्यानं बिनदोऱ्याची खोळ सोडली, आणि आतून जुन्या गुळाचा रंग बाहेर आला. त्यावर राजाबाईचा अंगठा, पिवळाजर्द, थेट आत मुरलेला.

त्यानं लाल दोऱ्याची खोळ सोडली. लॅकर लखलखलं.

"गोजरा!" तो ओरडला. "दोरा कोनाला बांधलास?"

"महागड्याला."

"ह्यो महागडा?"

"मंग? ह्योच चमकतोय. त्यो दुसरा तर जुना वाटतो. मना वाटलं, त्योच स्वस्तातला."

कमळाकरनं दोन्ही मेंडोलिनं शेजारी शेजारी ठेवून बघितली. मग एकदम त्याला भिंतीकडे तोंड करून बसल्याची ती संध्याकाळ आठवली. "म्हंजे तवा तू चूक म्हनलीस, ते बरोबर व्हतं?"

"आसंल."

"आन बरोबर म्हनलीस ते?"

गोजरानं पदराशी चाळा केला. "अवो, तुमचं तोंड एवढंसं झालंतं. मंग मधी मधी मी आसंच बरोबर म्हनलं."

"कितींदा?"

"मी काय मोजत बसले व्हते?"

आता काय पकडावं ते त्याला सुचेना. कान खरा होता म्हणावं, तर साक्षीदार गोंधळलेला. रात्रीचा आवाज व्हार्निशचा म्हणावा, तर तो वाजला स्वस्तातला समजून. महागडं समजून वाजवलं असतं तर बोटं आखडली असती, आणि तेच मेंडोलीन मुकं झालं असतं. मग आवाज होता कशात? लाकडात, थरात, की निर्धास्त हातात? 

"परत करतू," तो शेवटी म्हणाला. "डागाचं काय ते बोलतू त्याच्याशी."

गोजरा लॅकरचं मेंडोलीन खोळीत घालत होती. ती थांबली. "हलद लागलेली परत धाडतात का कोन? पोरीला धाडतात? लाद्या पुढल्या वर्साला. ह्यो चमकता नेऊन द्या."

 कमळाकर बेलापूरला गेला, लॅकरचं मेंडोलीन अभिरामच्या पुढ्यात ठेवलं आणि दुसऱ्याची किंमत दिली. अभिराम खुलला. "बघा! मी म्हटलं नव्हतं, कळेल म्हणून?"

"खरं सांगा," कमळाकर म्हणाला, "तुमाला कलतं का?"

अभिरामनं हातातला ब्रश खाली ठेवला.  "मला वाटतं, कळतं. पण महिनोन्महिने जे हातानं घासलंय, त्याचा आवाज मला चांगला वाटणारच. मला नका विचारू."

परतताना तो राजाबाईच्या घरी गेला. ती दारात सुकट निवडत बसली होती. गावात दुसरा कान उरला असेल तर तो हिचाच, असं त्याला वाटलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आये, हलदीला माझा आवाज कसा व्हता? नेहमीवानी, का येगला?"

राजाबाईनं मान वर केली. "मना काय ठाव? मी गात व्हते."

त्याला हसू आलं की वाईट वाटलं, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. त्यानं सुपातली सुकट थोडा वेळ तिच्याबरोबर निवडली आणि घरी आला. पडवीत बसून मेंडोलीन मांडीवर घेतलं, राजाबाईच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. तिचा लहान होता. मग त्यानं एक तार छेडली, कान दिला, आणि पुन्हा छेडली.