आमच्या ऋतूचे तेहतीस मार्क

“हिला उद्या तांदळाच्या खोलीत बसवा, मावशी. आणि आवाज बाहेर येता कामा नये.”

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या कधी पाऊल टाकत नसत, साडीला फोडणीचा वास लागतो म्हणून. मी मटकी निवडत बसले होते. माझी नात ऋतुजा शेजारी पोत्यावर बसून बाराचा पाढा म्हणत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. बोट तेवढं केलं. पाहुणे यायच्या आधी मोडकं स्टूल आत टाकायला सांगतात ना, तसं.

मी म्हणाले, “बरं.”

आता कुणी म्हणेल, आजी, तुम्ही भांडला असाल. नाही हो. मी “बरं”च म्हणाले. वर मानही हलवली.

शाळा सरकारी होती. धायरीच्या आसपासची, एवढंच सांगते, नाव राहू द्या. बचत गटाकडून मी तिथं पोरांची खिचडी शिजवायला होते. मी स्वतः शाळेत गेलेली नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहाराचा तक्ता चिकटवलेला असायचा, कुठल्या वारी मटकी, कुठल्या वारी वाटाणा. त्या तक्त्यावरून मी अक्षरं शिकले. पोरं ताट घेऊन यायची, त्यांना विचारायचे, हा काना कशाला रे, ही वेलांटी कुठली. अशी शिकले आणि आता थांबत नाही, बघा, पानंच्या पानं लिहिते.

ऋतू चौथीत होती. जन्माच्या वेळी तिला रडायला उशीर झाला, तेव्हापासून तिचं अंग ताठ. डावा हात मुठीत मिटलेला. उजव्या हातानं लिहायची, पण एक-एक अक्षर भाकरीएवढं. बोलताना शब्द ओढत यायचा, लाळ गळायची. डोकं मात्र चालायचं. मुलगा-सून दोघं सकाळीच कामाला जायचे, म्हणून ती माझ्याबरोबर शाळेत यायची. वर्गात मागच्या बाकावर तिची जागा होती. वर्ग सुटला की माझ्याजवळ.

त्या वर्षी बाहेरून पेपर यायचे. साऱ्या राज्यात एकच पेपर, एकाच दिवशी. त्या मार्कांवर शाळेची श्रेणी लागायची, आणि श्रेणी घसरली की मोठ्या बाईंना वरून बोलावणं यायचं. आधी त्यांनी मला सांगितलं होतं की हिला उद्या घरीच ठेवा. घरी कोण बघणार, म्हटल्यावर तांदळाची खोली निघाली.

ही खोली स्वयंपाकघराच्या आतल्या अंगाला. खिडकी नाही. वर एक जाळी, आणि जाळीपलीकडे चौथीचा वर्ग. दुसऱ्या दिवशी मी ऋतूला आत नेलं, दोन पोत्यांच्या मध्ये सतरंजी घातली, राजगिऱ्याचा लाडू हातात दिला. म्हटलं, इथं बसायचं, बोलायचं नाही. तिनं विचारलं, “पेपर?” मी म्हटलं, नंतर. ती मान हलवून बसली. माझ्यावर विश्वास होता ना तिचा.

थोड्या वेळानं पलीकडं तोंडी गणितं सुरू झाली. वर्गाच्या बाई मोठ्यानं वाचत होत्या, जाळीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. एका डब्यात बारा लाडू, असे सात डबे, तर एकूण लाडू किती? नेमकं त्याच वेळी तपासणीचे साहेब स्वयंपाकघरात आले. शिजलेलं अन्न पोरांना द्यायच्या आधी मोठ्या माणसानं चाखायचं आणि वहीत सही करायची, असा नियम असतो. माझ्या जोडीची बाई त्यांना वाटीत खिचडी देत होती. मी आतच होते, तांदूळ काढायच्या निमित्तानं. दार नुसतं लोटलेलं.

आणि ऋतू उत्तर द्यायला लागली.

“चौ…”

मी खूण केली, गप. तिला वाटलं असेल, मी आणखी पुढं बोल म्हणतेय.

“चौऱ्या…”

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. पोरीचं नाकही दाबलं गेलं असेल, मला भान नव्हतं. बाहेर चमचा वाटीवर वाजायचा थांबला. काम जाणार. पोरीला शाळेतून काढणार. मुलगा काय म्हणेल. सगळं एका दमात डोक्यात आलं. आणि माझ्या हाताखाली तिचे ओठ हलतच होते. ती उत्तर पुरं करत होती. चौऱ्याऐंशी. माझ्या तळहाताला कळलं.

साहेबांनी विचारलं, “आत कोण आहे?”

मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, “मांजर असेल, साहेब. तांदूळ म्हटला की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आलं.”

साहेब हसले. बाई हसल्या. वहीत सही झाली.

मी हात काढला तेव्हा तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते. ती रडली नाही. लाडू तसाच हातात होता, तो तिनं पोत्यावर ठेवला. संध्याकाळी सुनेनं विचारलं, पेपर कसा गेला गं? मी चुलीपाशी गार पडले. आता ही सांगणार. ऋतूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “चां…गला.”

नऊ वर्षांचं लेकरू. मला वाचवण्यासाठी आईशी खोटं बोललं. मार खाल्ला असता तर इतकं लागलं नसतं.

तीन आठवड्यांनी निकालाचा कागद कार्यालयाच्या दारावर लागला. मी बोट ठेवून नाव शोधत गेले. वाटलं, गैरहजर लिहिलं असेल. तर तिच्या नावापुढं आकडा होता. चाळीसपैकी तेहतीस.

मी तीनदा वाचलं. मला वाटलं, माझंच वाचायला चुकतंय. मग वर्गाच्या बाईंना गाठलं. नवीन होत्या, पोरगेल्या, मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी मान वळवली. हळूच म्हणाल्या की सगळ्यांचेच असे भरतात मावशी, मागं राहिलेल्या पोरांचे पेपर आम्हीच लिहितो, कोरा ठेवला तर माझ्या वर्गाची सरासरी पडते, मला अजून कायम केलेलं नाही.

त्याही घाबरलेल्या. मीही. अख्खी शाळा भीतीवर चाललेली, आणि त्या भीतीची किंमत एका पोरीनं पोत्यांमध्ये बसून द्यायची.

मी धीर करून मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अहो मावशी, नापास केलं असतं तर रडत आला असता. पास केलं तर चौकशीला आलात. आपण नक्की कशावर नाराज व्हायचं, ते एकदा घरी ठरवून या.”

मी परत आले आणि कांदे चिरले. बरं झालं कांदे होते.

खरी भीती पुढच्या महिन्यात कळली. अपंग मुलांसाठी एक शिक्षिका शाळाशाळांतून फिरायच्या. अशा मुलांना परीक्षेत जास्त वेळ मिळतो, मोठेपणी लिहायला माणूस मिळतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. त्यासाठी यादीत नाव लागतं. त्या दिवशी त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, हिचं नाव यंदा यादीतून निघेल. मी विचारलं, का हो? त्यांनी तेहतीसवर पेन ठेवलं. “एवढं चांगलं लिहिते, तर सवलत कशासाठी मागू? वरचे मलाच विचारतील.”

आता बघा, पाचवीला ती मोठ्या शाळेत जाणार. तिथं कागद सांगणार, ही मुलगी भराभर लिहिते. आणि बाकावर ही बसलेली, एका अक्षराला एक मिनिट लागणारी. तिथं कोण ओळखणार तिला? म्हणतील, आळशी आहे. म्हणतील, ढोंग करते. त्या तेहतीस मार्कांनी माझी नात कागदावरून पुसून टाकली होती. आणि तिला आत नेऊन बसवणारी मीच.

वर्ष संपताना दुसरा पेपर आला. मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी आठवण केली, मागच्यासारखंच करा. या वेळी “बरं” तोंडातून निघालं नाही.

सकाळी ऋतूला धुतलेला गणवेश घातला. वेण्या घातल्या. तिनं पायरीवर विचारलं, “पो…त्यात?” मी म्हटलं, नाही, बाकावर. स्वयंपाकघर जोडीच्या बाईवर सोपवलं आणि तिचा हात धरून सरळ चौथीच्या वर्गात गेले. पहिल्या बाकावर बसवलं.

मोठ्या बाई आल्या. वर्गात दुसऱ्या शाळेचे एक गुरुजी देखरेखीला होते, म्हणून आवाज खाली ठेवून म्हणाल्या, “मावशी, हिला आत घ्या.”

“न्हाई घेनार.”

“पुढच्या वर्षी खिचडीचं काम दुसऱ्या गटाला देता येतं, माहीत आहे ना?”

“द्या.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. गुरुजींनी विचारलं, ही मुलगी याच वर्गाची का? मोठ्या बाई वर्गाच्या बाईंकडे बघायला लागल्या. त्या पोरगेल्या बाईंनी खाली मान घातली. मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, “हो. हजेरीत नाव आहे.”

ऋतूला पेपर मिळाला.

मी दारातून पाहत होते. बाकीची पोरं पान उलटत होती आणि ही पहिल्या ओळीवर जीभ बाहेर काढून अक्षर कोरत होती. पेन्सिल दोनदा पडली. दोन्ही वेळा तिची तिनंच उचलली. वेळ संपली तेव्हा ती सातव्या प्रश्नावर होती. मी गुरुजींना हात जोडले, थोडा वेळ द्या, तिला येतंय, निस्ता वेळ लागतो. ते म्हणाले, जास्त वेळ द्यायचा नियम आहे आजी, पण शाळेनं हिचं नाव कळवलेलं नाही, माझा नाइलाज आहे. आणि कागद ओढून घेतला. सातवं उत्तर अर्धं राहिलं.

दुपारी मोठ्या बाईंनी कार्यालयात बोलावलं. पुढ्यात ऋतूचा पेपर. सहा उत्तरं, सहाही बरोबर. आणि खाली सगळं कोरं.

बाई या वेळी गोड बोलल्या. बसा म्हणाल्या, कधी नव्हे ते. “हे सहा मार्क मी वर पाठवू शकत नाही. शाळेचं सोडा, मुलीचंही नाव खराब होईल. रिकाम्या जागा बाई भरतील. तुमचं कामही राहील. कुणाला काही कळायची गरज नाही.”

मी बसले नाही. खूप भीती वाटत होती. घरातली माझी दोन कमावती माणसं, तिसरी मी. सगळं दिसत होतं डोळ्यांपुढं. आणि तरी मी त्या पेपरवर हात ठेवला.

“सहाच लिवा बाई. माज्यासमोर लिवा. मला वाचता येतंय.”

त्यांनी मग पेन उघडलं. मी आकडा पुरा होईपर्यंत हात उचलला नाही.

जूनमध्ये खिचडीचं काम दुसऱ्या गटाला गेलं. यादीतल्या नावासाठी मी अजून खेटे घालते आहे. एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं. पुढची परीक्षा आली की मोठ्या शाळेतूनही निरोप येतो, त्या दिवशी मुलीला विश्रांती द्या. मी तिला घेऊन जाते. भीती गेलेली नाही, आणि या वयात ती जाईल असं मला वाटत नाही. तिलाही बरोबर घेऊनच जाते.

सहा मिळोत, शून्य मिळो. माझ्या नातीच्या पेपरात दुसऱ्याच्या अक्षरातलं एकही उत्तर मी जिवंत असेपर्यंत लिहू देणार नाही.