सुरेखाने उसवलेली कादंबरी

पान बहात्तर. पुन्हा पेन्सिल. मी खोडरबर घासत होते आणि लिहिणाऱ्याचा तोंडाने उद्धार करत होते.

भोरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. एकोणतीस वर्षं झाली. वाचकांना समासात लिहायची भारी हौस. 'छान'. 'रटाळ'. 'शेवटी ती मरते'. अरे, पुढच्या वाचकाने तुझं काय घोडं मारलंय? असलं काही दिसलं की माझं डोकंच फिरतं. म्हणून टेबलावर खोडरबर कायम असतो.

या कादंबरीची तर लेखी तक्रार होती, आणि ती खुद्द आमच्या अध्यक्षांची, नानासाहेबांची. रविवारी ते हॉलमध्ये कादंबरीलेखनाचं शिबिर घेणार होते. बॅनरवरच्या फोटोत हातात धरायला त्यांना जाडजूड पुस्तक हवं होतं. त्यांनी हे उचललं, उघडलं आणि भडकले. लगेच अर्ज लिहिला: 'सदर कादंबरी लिखाण करून वाचनास अयोग्य केली आहे. संबंधितांचे सभासदत्व रद्द करावे.' खाली सही.

"तुम्ही वाचलीये का ही?" मी विचारलं.

"छे! मी कादंबऱ्या वाचत नाही. प्रभाव पडतो. शिबिरातही तेच सांगणार आहे. वाचत बसू नका, स्वतःचं लिहा."

मी अर्ज ठेवून घेतला. तेव्हा माझा राग पेन्सिलवाल्यावर होता.

तो शोधणं सोपं होतं. पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर आम्ही सभासद क्रमांक आणि परतीची तारीख लिहितो. एकच क्रमांक सात वेळा. सुरेखा. वेल्ह्याच्या बाजारात ब्लाउज शिवते. महिन्यातून दोनदा नसरापूरला ST बदलून भोरला येते. आमच्याशिवाय तिला पुस्तक मिळायची सोय नाही. ती आज यायची होती. चांगली खडसावते म्हटलं, आणि घासत राहिले.

पान एकशे चाळीसवर हात थांबला. समासात लिहिलं होतं: 'सून रडली असं कुठंच लिहिलेलं नाही. मग मला कसं कळलं?' त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं: 'पान १३८. आमटीत मीठ दोनदा घातलं.'

मी मागे गेले. खरंच! सून आमटीत मीठ घालते, नवऱ्याची चिठ्ठी वाचते आणि पुन्हा मीठ घालते. बस्स. ही कादंबरी मी तीनदा वाचलीय. अख्ख्या भोरला वाचायला लावलीय. त्या जागी दर वेळी रडलेय. ते मीठ मला कधी दिसलं नव्हतं.

पुढे वाचत सुटले. 'सासऱ्याची काठी पान १२ ला कोपऱ्यात होती. ३१, ५८, ९० ला नुसती दाखवली. म्हणून आता उगारली तर खरी वाटते.' 'इथं लेखक काहीच समजावत नाही. मी असते तर दोन पानं समजावलं असतं आणि वाट लावली असती.' शेवटच्या पानावर: 'माझ्या गोष्टीतली जाऊ लई बोलते. तिला गप करून बघायचं.'

म्हणजे बाई लिहीत होती! आणि एकशे एकोणचाळीस पानांवरचं तिचं काम मी स्वच्छ पुसून टाकलं होतं. असं वाटलं की तो खोडरबर खिडकीतून भिरकावून द्यावा.

दुपारी ती आली. तेच पुस्तक मागितलं. उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाई, कुणी पुसलं वो?"

"मी."

"दोन वरसांचं हुतं..." तिचे डोळे भरले.

मला लाज वाटत होती, म्हणून मी आणखीच ओरडले. "मग वहीत लिहायचं ना गं! वाचनालयाचं पुस्तक काय तुझ्या घरचं आहे?"

"चुकलंच माजं. पन बाई, नवीन फॅशनचं पोलकं आलं की म्या आदी उसवून बगते. बाही कशी बसवलीया ते मगच कळतं. ह्याचं बी तसंच केलं. शिकवाया कुनी न्हाई मला."

तेवढ्यात नानासाहेब आले. "हीच का ती? सभासदत्व रद्द. लेखनाची आवड असेल तर रविवारी शिबिराला ये. आम्ही शिकवू."

आम्ही शिकवू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला शिकवणार?" मी म्हटलं. "हिने दोन वर्षांत एक कादंबरी सात वेळा वाचलीय. मीठ कुठं पडलं तेही हिला माहीत आहे. तुम्हाला ती नुसती फोटोत धरायला हवी होती!"

"बाई, नियम म्हणजे नियम."

"मग नियमच बघू. नियम नववा. पुस्तकावर लिहिलं तर पहिल्यांदा ताकीद. ती मी दिलीय, चांगली रडेपर्यंत. आणि वाचनास अयोग्य पुस्तक नोंदवहीतून काढायचं. त्याला आम्ही 'बाद' म्हणतो. बाद पुस्तक मागेल त्या सभासदाला देता येतं. अयोग्य आहे असं तुम्हीच लिहिलंय. ही तुमची सही."

"असा नियम आहे?"

"नियमावली वाचा जरा. प्रभाव पडला तर पडू दे."

मी शिक्का मारला आणि पुस्तक सुरेखाच्या हातात दिलं. नानासाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. फार शांततेत गेला तो महिना.

शिबिर झालं. हॉल भरला होता. सगळ्यांना कादंबरी लिहायची होती. जाताना एकानेही कपाटाकडे वळून पाहिलं नाही. दाराशी उभी राहून मी चडफडत होते. अरे, जेवण रांधायचंय आणि कधी चव म्हणून घ्यायची नाही?

परवा सुरेखा आली. पिशवीतून शाईने लिहिलेले कागद काढले.

"पुसलेलं परत वाचलं, बाई. आता येगळंच दिसतंय. ह्ये पयलं प्रकरन. तुमी वाचा. आन् हितं पेन्सिल चालंल बरं का."

मी वाचलं. त्यात जाऊ एक शब्द बोलत नाही. धाकट्या सुनेला माहेरी धाडायचं ठरतं, आणि जाऊ धुतलेला पोळपाट पुन्हा धुवायला घेते.

एकोणतीस वर्षांत मी समासात एक अक्षर लिहिलं नव्हतं. पेन्सिल घेतली आणि पोळपाटाशेजारी लिहिलं: 'कळलं.'