तारवाल्याची एन्ट्री

टीव्हीवर माझ्या जुन्या मैत्रिणीचा सिनेमा लागला की मी आवाज बंद करते आणि नवरा वैतागतो. त्याला काय सांगायचं? मला तिची वाक्यं नको असतात, तिचं थांबणं बघायचं असतं. महत्त्वाच्या वाक्याआधी ती डावीकडं जराशी मान वळवते. लोक त्याला तिची शैली म्हणतात, कुणी त्यावर लेखही लिहिलाय. शैली कसली डोंबलाची. डाव्या विंगेत नाटकाची वही घेऊन मी बसायचे, म्हणून ती तिकडं बघायची.

तेव्हा ती शहागंजातल्या कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायची आणि मी वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला होते. आमची नाटकमंडळी सगळी कामगारच. पहिली पाळी सुटली की बजाजनगरातल्या सभागृहात तालीम. ती बस बदलून यायची, आल्या आल्या माझ्या डब्यातली उरलेली भाकरी खायची आणि म्हणायची, "चल, दे वाक्य." पाठांतर तिचं पक्कं होतं. तरी प्रॉम्प्टर म्हणून मी विंगेत पाहिजेच. "तू तिथं बसलीस ना, की मला धीर येतो," म्हणायची. विशी-बाविशीतल्या आम्ही पोरी. त्या एका वाक्यावर माझा आठवडा निघायचा.

मग ती स्पर्धा आली. नाटकात ती एक अडाणी आई होती, मुलाच्या पत्राची वाट बघणारी. दुसऱ्या अंकात तारवाला येतो आणि म्हणतो, "बाई, तार आहे." ती म्हणते, "मला वाचता येत नाय. तूच वाच." तो वाचतो आणि ती कोसळते. तारवाल्याचं काम एवढंच. पण ते करणाऱ्या फिटरनं महिनाभर आरशापुढं उभं राहून घोकलं होतं, आणि त्याला बघायला आईवडील, काका-मामा गावाकडून जीप करून आले होते.

प्रयोगाआधी रंगमंचावर नारळ फोडताना वही त्याच्याखाली धरायची आमची पद्धत. नाटकाला पाणी लागलं पाहिजे, असं म्हणायचे सगळे. त्या दिवशी पाणी जरा जास्तच सांडलं. मी ओढणीनं पुसलं आणि जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या अंकात मी पान उलटलं, ती डावीकडं वळली, मी वाक्य दिलं. तिचा चेहरा क्षणभर पडला. दोन पानं चिकटून आली होती आणि मी थेट तार वाचून झाल्यानंतरचं वाक्य दिलं होतं. तिला ते कळलं होतं. पण आता मागं कसं फिरणार? तिनं ते वाक्य उचललं आणि रडायला लागली. आई अशी एकाएकी का रडतेय हे प्रेक्षकांना उमगलं नसणार, पण ती अशी रडली की कुणी हूं की चूं केलं नाही. समोरच्या विंगेत फिटर खाकी टोपी घालून, हातात कागद धरून पडदा पडेपर्यंत उभाच.

पडद्यामागं सगळे आम्हा दोघींवर तुटून पडले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझंच चुकलं. दोन पानं खाल्ली मी." परीक्षकांनी तिच्या नावापुढं लिहिलं, पाठांतर कच्चं. बक्षीस गेलं. मी गप्प बसले. का, तर भ्याले. लई लाज वाटते अजून.

पुढच्याच वर्षी ती मुंबईला गेली. आधी व्यावसायिक नाटकं, मग सिनेमे. आई झाली, सासू झाली, एकदा तर राज्याची मुख्यमंत्री झाली. पुरस्कार ठेवायला घरात जागा नाही म्हणे. आणि मुलाखतीत हसत सांगायची, "एकदा स्पर्धेत मी दोन पानं खाल्ली होती." ते ऐकलं की मी चॅनेल बदलायचे. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा फाडलं. हे तिच्यासमोर बसून सांगायचं होतं मला. आणि खरं सांगू का? मला पुन्हा एकदा तिच्या डाव्या हाताला बसायचं होतं. त्या फिटरशीच पुढं माझं लग्न झालं. तो अजून म्हणतो, "तुझ्या मैत्रिणीनं माझी एन्ट्री खाल्ली," आणि मी खाली मान घालून भाजी ढवळत राहते.

या हिवाळ्यात तिचा फोन आला. "ए, रविवारी दुपारी आपल्या गावात प्रयोग आहे. वही धरशील का गं? वाक्यं निसटायला लागलीत माझी. कानात वाक्यं सांगायचं यंत्र बसवतात, ते नाय सहन होत मला." इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली, ते मिळालं ते असं.

प्रयोगात ती सात-आठ वेळा डावीकडं वळली. पूर्वी बघायची ती धीरासाठी, आता वाक्यासाठी. मी एकेक पान दोनदा चाचपून उलटलं. टाळ्या पहिल्यासारख्याच पडल्या.

नंतर मेकअपच्या खोलीत ती कापसानं रंग पुसत होती. आम्ही दोघीच होतो. मी एका दमात बोलून टाकलं, "त्या स्पर्धेत दोन पानं तू नाय खाल्लीस. ती मी उलटली होती. नारळाच्या पाण्यानं वही चिकटली होती. तू माझ्यासाठी ऐकून घेतलंस."

तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "कोणती स्पर्धा गं?"

माफ करणारी ती एकटीच होती. स्टूल ओढून मी तिच्या डावीकडं बसले आणि पहिल्यापासून सांगत गेले. दुकान, बस, भाकरी, नारळ, तार. दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तशी ती मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग त्या तारवाल्याचं काय झालं? उभाच राहिला बिचारा?"

"उभाच आहे. बाहेर, स्कूटरपाशी."

"अगं, मग बोलव की त्याला."

मी नवऱ्याला आत बोलावलं आणि दारातच त्यालाही खरं काय ते सांगितलं. मग त्यानं माकडटोपी सारखी केली, खिशातली पार्किंगची पावती काढून तिच्यापुढं धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई, तार आहे."

तिनं पावती घेतली. ओठ हलले, पण पुढचं येईना. तिनं डावीकडं मान वळवली.

"मला वाचता येत नाय," मी हळूच दिलं. "तूच वाच."