मागच्या जिन्याची कडी

वाडीच्या एका गोदामात मला कॉम्प्युटरवरची नोकरी लागली, तेव्हा मी अमरावती रोडजवळच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहायला गेले. तीन मजले, तीसेक मुली. मालक दुसरीकडे राहायचे आणि कारभार वॉर्डनबाई बघायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नवरा गेल्यावर त्यांनी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात बरीच वर्षं काम केलं होतं. आग लागली तर काय करायचं, हे तिथे दर महिन्याला घोकून घेत. मावशी ते कधी विसरल्या नाहीत.

मी गेले त्याच आठवड्यात त्यांचं आणि मालकांचं वाजलं. मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, पण त्याच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं.

"चोर शिरले तर?" मालक म्हणाले.

"चोराचं मी पाहीन," मावशी म्हणाल्या. "पन पुढचा जिना धुरानं भरला तं या पोरी कुठून निघतील, ते तुम्ही सांगा."

मावशींनी मालकांना तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि म्हणाल्या, "आता पुढच्या जिन्याले हात न लावता खाली उतरून दाखवा." मालक मागच्या बंद दारासमोर उभे राहिले. दोन मिनिटांनी घाम पुसत हसले. चार दिवसांत कुलूप निघालं. त्या जागी आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी आली.

"दार तुमची जबाबदारी," मावशी त्यांना म्हणाल्या. "दारासमोर बादल्या येऊ न देनं माझी."

हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की आम्ही वैतागायचो. जिन्यात चप्पल दिसली तरी आरडाओरडा. महिन्यातून एकदा घंटा वाजवून सगळ्यांना फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभं करायच्या. एका नर्स मुलीची रात्रपाळी असे. ती दिवसा कानात कापूस घालून झोपायची. तिला उठवायचं काम शेजारच्या खोलीतल्या मुलीला नेमून दिलं होतं. दाराजवळ फळ्यावर आमची नावं होती. आत आलं की नावापुढचा खिळा हिरव्या बाजूला लावायचा, बाहेर जाताना लाल बाजूला. मी एकदा हसले, तेव्हा म्हणाल्या, "काहून वं, मजाक वाटून राहिली काय तुले?"

मे महिन्यातला शनिवार होता. मला सुट्टी होती. दुपारी झेरॉक्स काढायला म्हणून मी घाईत बाहेर पडले. खिळा हिरव्यावरच राहिला.

परतले तर रस्त्यावर गर्दी. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काळा धूर येत होता. पॅसेजमधल्या कूलरचा पंप बंद पडला होता, त्याच्या जाळीतलं खसाचं गवत वाळून कोरडंठाक झालं होतं आणि मोटरमधली ठिणगी त्यावर उडाली होती. पुढच्या जिन्यात धूर भरला होता. मुली मागच्या जिन्याने उतरल्या होत्या. नर्स मुलगीही, अनवाणी, कानातला कापूस तसाच. मेन स्विच मावशींनी पहिल्याच मिनिटाला बंद केला होता.

मी फाटकातून आत शिरले, तर मावशी फळा छातीशी धरून अग्निशमन दलाच्या जवानाला सांगत होत्या, "एक पोरगी कमी आहे गा! दुसऱ्या मजल्यावर, डावीकडची खोली." त्यांनी पदर ओला करून तोंडाला बांधला होता. त्या स्वतःच आत निघाल्या होत्या. जवानाने त्यांचा दंड धरून ठेवला होता.

"मावशी, मी इथे आहे," मी म्हणाले.

त्यांनी वळून बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी माझा खांदा दाबला, जवानाला म्हणाल्या, "साऱ्या पोरी पूर्ण झाल्या," आणि मटकन खाली बसल्या. मी पाणी आणून दिलं. त्या दिवशी त्या मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आग अर्ध्या तासात विझली. पॅसेज काळा झाला, दोन गाद्या जळाल्या. कुणाला ओरखडाही आला नाही. संध्याकाळी मालक आले, मागचा जिना वर जाऊन बघून आले आणि मावशींसमोर हात जोडून उभे राहिले. शेजारचे लोकही मावशींचं कौतुक करत होते.

मावशींचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"आज माह्यं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाले फाटकाजवळ उभं केलं आन् बंबाची गाडी तिथंच अडली. तुम्हाले बाजूले करण्यात वेळ गेला. ह्यापुढं समोरच्या शाळेच्या भिंतीशी जायचं. आन् कूलरची मोटर दर आठवड्याले मी स्वतः पाहीन."

मग त्यांनी घंटा हातात घेतली आणि नवी जागा सगळ्यांच्या लक्षात राहावी म्हणून मागच्या जिन्याने पुन्हा उतरायला आम्हाला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. त्या दिवशी कुणीच कुरकुर केली नाही.