वहिनींचं नाक आणि चौघांची सुरुवात

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी बातमी दिली ती अशी : तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या सख्ख्या भावाने रेकॉर्डिंगमधून हाकललं. जिने चढत ही बातमी आमच्या दाराशी आली तोवर भावाने वाद्य हिसकावून घेतलं होतं आणि वहिनींचं माहेर कायमचं तुटलं होतं. आता मी स्वतः तिथे हजर होतो, त्यामुळे खुलासा करणं भाग आहे. वहिनींना कुणी हाकललं नव्हतं. श्वास घेऊ नका, एवढंच सांगितलं होतं.

वहिनी आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. टपाल कचेरीच्या खिडकीवर बसून निवृत्त झाल्या, आणि लहानपणापासून व्हायोला वाजवतात. व्हायोला म्हणजे व्हायोलिनच, पण अंगाने जरा थोराड आणि आवाजाने दबलेलं. त्यांचे थोरले बंधू पहिलं व्हायोलिन वाजवतात, दातांचे डॉक्टर दुसरं, आणि वहिनींचे यजमान चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं धिप्पाड व्हायोलिन. या चौघांना आमच्या इमारतीत चांडाळचौकडी म्हणतात. नाव कुणी ठेवलं ते विचारू नका. चेलो फक्त माझ्याच गाडीत मावतो, म्हणून माझी वर्णी. तो पुढच्या सीटवर पट्टा लावून ऐटीत बसतो आणि यजमान मागे अंग चोरून.

रेकॉर्डिंग होतं एका दिवंगत संगीतकाराच्या अखेरच्या वर्षांतल्या रचनांचं. चौघे त्याला लाडाने म्हातारबुवा म्हणतात. म्हातारबुवांनी उतारवयात सूर जपून लिहिले आणि शांतता मात्र सढळ हाताने. जरा वाजवलं की थांबा, सगळे चिडीचूप, आणि मग चौघांनी एकदम सुरू व्हायचं. वहिनींचा जीव अडकला होता शेवटच्या रचनेत. तिथे बाकीचे तिघे गप्प बसतात आणि व्हायोला एकटी गाते. जन्मभर इतरांच्या सुरांना टेकू दिलेल्या बाईला पहिल्यांदाच पुढे बोलावलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच नाक आडवं आलं. वहिनींच्या नाकाचं हाड जरा वाकडं. कार्यक्रमात ते कुणाला ऐकू जात नाही, पण माइकला जातं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "माफ करा, पण प्रत्येक शांततेनंतर कुणीतरी नाक ओढतंय."

तिघांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पायातल्या चपलांकडे.

मग उपाय सुरू झाले. माइक सरकवला, नाकात थेंब टाकले. "ताई, श्वास तोंडाने घ्या," डॉक्टर म्हणाले. तोंडाने घेतला तर त्याहून मोठा उसासा. शेवटी थोरले बंधू कडाडले, "छकुले, हॉल उद्यापर्यंतच आपल्याकडे आहे. उद्या सकाळी जमलं नाही, तर माझ्या विद्यार्थिनीला बोलवावं लागेल." साठी उलटलेल्या बाईला छकुली म्हणणारा माणूस एवढा कठोर होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. यजमान चेलोच्या तारा पुसत बसले.

संध्याकाळी आमची ही त्यांच्याकडे डोकावली. वहिनी टॉवेल पांघरून वाफ घेत होत्या.

"रडताय की काय?" हिने विचारलं.

"छे गं, वाफेचं पाणी आहे."

वाफ केव्हाच निवली होती, असं ही म्हणाली. मी त्यावर विनोद केला नाही. हिला वाटलं मला ताप आलाय.

दुसऱ्या दिवशी वहिनी छातीत हवा भरून, ओठ मिटून बसल्या. रेकॉर्डिस्टने हात हलवला. शांतता अशी की खुर्चीनेसुद्धा कुरकुर केली नाही. आणि मग पहिलं व्हायोलिन आलं, त्यामागून दुसरं, त्यानंतर व्हायोला, आणि सगळ्यांत शेवटी चेलो. जणू चार पाहुणे एका रिक्षातून एकेक करून उतरले.

"डॉक्टर, झोपलात का?" बंधू ओरडले.

"मी झोपलो? चेलो कुठे होता ते विचारा!"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच घोळ. वहिनींचा चेहरा लालबुंद, पण नाकातून हूं की चूं नाही. बंधू म्हणाले, "अरे, मी मान हलवतो ती दिसत नाही का तुम्हाला? इतकी वर्षं तिच्यावरच सुरू होतोय ना आपण?"

तेव्हा यजमानांनी तोंड उघडलं. "दादा, तुमच्या मानेकडे कोण बघतं? मी हिच्या श्वासावर सुरू होतो. लग्नाच्या आधीपासून."

"मीसुद्धा," डॉक्टर हळूच म्हणाले. "मला वाटायचं, मी एकटाच."

बंधू उसळले. "म्हणजे मी काय नुसता मान डोलवतो?"

"सुरू करताना तुम्ही तर डोळे मिटून घेता," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मग तुम्ही कशावर सुरू होता?"

पोरवयात बंधू आणि वहिनी, दोघं भावंडं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून रियाज करायची. तेव्हा मान कुठली दिसणार? बंधूंनी व्हायोलिनचा गज पुसला. मग बहिणीकडे न बघताच म्हणाले, "छकुले, घे श्वास. पाहिजे तेवढा घे."

वहिनींनी नाक ओढलं आणि चौघे एकदम सुरू झाले. शेवटच्या रचनेत व्हायोला एकटी गायली, तेव्हा बंधूंनी डोळे उघडे ठेवले होते. रेकॉर्डिस्टने माइक तसूभरही हलवला नाही.

रेकॉर्ड निघाली. बंधू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात आणि नेमकं शांततेच्या ठिकाणी बोट वर करतात : "ही माझी बहीण!" परवा वहिनी जिन्यात भेटल्या. मी काही गप्प राहणाऱ्यातला नाही. म्हटलं, "वहिनी, रेकॉर्डवर तुमचं नाक फारच सुरेल वाजलंय हो!"

वहिनी किल्ली शोधत म्हणाल्या, "भावजी, तुमचं घोरणंही आम्हाला रोज भिंतीतून ऐकू येतं. पण त्यावर कुणी वाजवायला सुरुवात करतं का?"